परस्तानाची बॅग

विजयश्रीच्या नियोजनात चूक निघणं शक्यच नव्हतं. हे मत तिचं स्वतःचं होतं, पण पुराव्याशिवाय बनवलेलं नव्हतं. बिदरच्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात ती बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यात मोठ्या भिंगापासून स्टोव्हच्या पिनेपर्यंत प्रत्येक वस्तूची नोंद तिच्याकडे होती. अशा बाईने श्रीलंकेच्या आठ दिवसांच्या सहलीची आखणी केली, तर ती कशी असेल? आलेखाच्या वहीत होती! आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर तास. कोलंबोहून कँडीला जाताना आगगाडीच्या कुठल्या बाजूच्या खिडक्या घ्यायच्या, हे तिने ठरवलं होतं. सासूबाईंचा चहा दिवसातून सहा वेळा, प्रत्येकी बारा मिनिटं. नवरा फोटो काढतो म्हणून थांबणे, चार मिनिटं. तोच फोटो तो पुन्हा काढतो म्हणून आणखी चार.

घरातलं कुणीच आजवर देशाबाहेर गेलेलं नव्हतं. नवरा बालाजी बिदरमधल्याच मैलूर भागात मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात बसायचा, आणि बायकोने वही उघडली की मान हलवायचा. सासूबाई सत्यभामाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. बीपीची गोळी चालू. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, फक्त त्यांना एकदम धक्का बसेल असं काही सांगू नका म्हणाले होते. आणि विजयश्रीची गोष्ट अशी की बावीस वर्षं ती मुलांना लाटा शिकवत होती. तरंगलांबी, वारंवारता, आयाम, सगळं फळ्यावर. समुद्र मात्र तिने पाहिलेला नव्हता. बिदरपासून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. ही सहल झाली नसती तर ती निवृत्तीपर्यंत फळ्यावरच्याच लाटा काढत राहिली असती.

म्हणून तिने सगळी कागदपत्रं एका छोट्या निळ्या बॅगेत ठेवली. तीन पासपोर्ट, तिकिटं, हॉटेलचे कागद. बॅगेवर ठळक अक्षरांत लिहिलं, क्रमांक एक. वहीत टिक केली. एकदा टिक केलेली गोष्ट पुन्हा उघडून बघायची नाही, हा तिचा प्रयोगशाळेतला नियम होता. मग तिने घरातल्या सगळ्यांना तीनदा बजावलं, "ही बॅग म्हणजेच आपली सहल. ही मागं राहिली तर आपण राहिलो."

हे वाक्य सत्यभामाबाईंनी फार मनावर घेतलं.

रविवारी त्यांनी सहज विचारलं होतं, लंका कुण्या दिशेला आहे. विजयश्रीने आनंदाने सांगितलं, दक्षिणेला. निघायचं कधी? गुरुवारी. यावर सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. गुरुवारी दक्षिणेला निघालं की दिशाशूळ लागतो, हे त्यांच्या माहेरी पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. विजयश्रीने समजावलं की विमान गुरुवारीच दुपारी चार वाजता हैदराबादहून सुटतं, ते आपल्यासाठी शुक्रवारी सुटायचं नाही. शिवाय हैदराबाद इथून आग्नेयेला आहे. सत्यभामाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. परीक्षेत गाइडमधलंच उत्तर लिहायचं ठरवून बसलेला विद्यार्थी वर्गात जसा ऐकतो, तसं.

आता दिशाशूळावर उपाय असतो, आणि तो जुना आहे. जायच्या दिवशी योग नसेल तर चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान त्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायचं. याला परस्तान ठेवणं म्हणतात. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग पुढे कधीही जा, शूळ लागत नाही. अट एकच. परस्तान एकदा घराबाहेर पडलं की पुढे जाईल, मागे यायचं नाही. आलं तर प्रवास मोडला.

बुधवारी दुपारी विजयश्री कॉलेजात शेवटचं प्रॅक्टिकल घेत असताना सत्यभामाबाईंनी घरात नजर फिरवली. परस्तानाला काय पाठवावं? ज्याच्याशिवाय जाता येत नाही, ते. सुनेनेच तीनदा सांगितलं होतं.

संध्याकाळी पाच वाजता विजयश्री घरी आली, वही उघडून सामान मोजू लागली आणि क्रमांक दोनपासून अकरापर्यंत सगळं जागेवर सापडलं.

"आत्या, निळी बॅग कुठंय?"

"गेली की," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मन्नाएखेळ्ळीला. जगदेवप्पाच्या जीपमधी पाठवली, चन्नबसप्पाच्या दुकानात. तुझं काम सोपं केलं बघ."

बालाजीने तोंड उघडलं तेवढ्यात विजयश्रीने त्याच्या पायावर पाय ठेवला. दोघं मागच्या अंगणात गेले. ठरलं असं की आईसमोर पासपोर्ट हा शब्द काढायचा नाही. आपल्या हातून सगळ्यांचे पासपोर्ट गेले हे कळलं तर बीपी कुठे जाईल सांगता येत नाही. बोलायचं ते फक्त बॅगेबद्दल. शिवाय घाबरण्यासारखं काय होतं? मन्नाएखेळ्ळी दक्षिणेला तासाभरावर, मुंबई-हैदराबाद हमरस्त्यावर. उद्या थोडा वळसा घेऊन जाता जाता बॅग उचलायची. विजयश्रीने वहीत वळशाची चाळीस मिनिटं टाकली आणि चन्नबसप्पांना फोन लावला.

चन्नबसप्पा म्हणजे बालाजीच्या वडलांचे जुने मित्र. हमरस्त्यावर त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. बसवण्णांना मानणारं घर, त्यांच्याकडे सगळे दिवस सारखेच चांगले, दिशाशूळ वगैरे काही नाही. पण मित्राच्या घरचा नेम म्हटल्यावर स्वतःच्यापेक्षा जास्त जपायचा, असा त्यांचा स्वभाव.

"काळजी करू नको अक्का," ते म्हणाले. "आमी दोन दिवस कुलूप लावून जायलाव, मेव्हण्याकडं चिटगुप्प्याला. बंद घरात तुमचं सामान कसं ठेवायचं? आमची घरवाली मल्लेश्वरी संगं घेऊन गेली. देवघरात ठेवलंय म्हणे."

"अण्णा, ती कुणासोबत तरी इकडं पाठवून देता येईल का? आजच?"

चन्नबसप्पा हळू आवाजात बोलले, जणू समोरची बाई आजारी आहे. "अक्का, परस्तान मागं येत न्हाई. तुमी शिकलेल्या. असं बोलू नये."

विजयश्रीने त्यांना आपली परवानगी आहे असं सांगून पाहिलं. पाप लागलं तर आपल्याला लागेल असंही सांगून पाहिलं. चन्नबसप्पांनी स्वच्छ सांगितलं की तिची पहिली परदेशवारी आपल्या हातून मोडायची नाही, म्हणजे नाही. त्यांना स्वतःला या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता, म्हणून तर त्यांना जोखीम घ्यायची नव्हती.

ठीक. गुरुवारी आठऐवजी साडेपाचला निघायचं. वहीत नवी रेघ ओढली गेली. सत्यभामाबाईंनी विचारलं, एवढ्या लवकर कशाला? बालाजी म्हणाला, बॅगेसाठी. सत्यभामाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे का कोण जाणे भरून आले.

सकाळी साडेसातला भाड्याची गाडी चिटगुप्प्यात मेव्हण्याच्या दाराशी थांबली. दारात मल्लेश्वरी उभी होती, चेहरा पेढ्यासारखा गोड. पहाटे तिच्या भावजयीला मुलगी झाली होती! मोठा आनंद. बालाजीने अभिनंदन केलं, सत्यभामाबाईंनी बाळाला टोपड्याचे पैसे दिले, आणि विजयश्रीने बॅग मागितली.

बॅग नव्हती. मल्लेश्वरीच्या घरात असलं काही पाळत नाहीत, पण शेजारच्या गंगव्वा सगळ्या गल्लीचं पाळतात. त्या म्हणाल्या, तुम्ही माना न माना, बॅग ज्यांची आहे ते मानतात ना? बाळंतिणीच्या घरात परस्तान ठेवायचं नाही, आणि मागे तर न्यायचंच नाही. मग उरली एक दिशा. सहा वाजता दुधाची गाडी चिंचोळीकडे जाते, तिच्यातून गंगव्वांनी बॅग आपल्या लेकीच्या घरी रवाना केली. दक्षिणेलाच, मल्लेश्वरीने अभिमानाने सांगितलं. लंकेच्या आणखी जवळ.

"पण आम्हाला विमानतळावर जायचंय, पोहत नाही," विजयश्री म्हणाली. मग गंगव्वांच्या लेकीला, शोभाबाईंना, फोन लागला. बॅग पोचली होती. ती घेऊन त्यांनी हैदराबादच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत यावं, अशी विनंती झाली. शोभाबाईंनी आधी रस्ता विचारला, मग दिशा विचारली, मग नाही म्हणाल्या. तो रस्ता चिंचोळीहून उत्तरेला पडत होता.

विजयश्रीने हिशोब मांडला. विमानतळावर तीनपर्यंत आत शिरलं पाहिजे. चिंचोळीला पोचायला सव्वा तास, तिथून तांडूरमार्गे विमानतळ साडेतीन तास. साडेअकराच्या आत चिंचोळी सोडलं तर विमान मिळेल, नाहीतर आलेखाच्या वहीचे आठ कोरे दिवस. गाडी निघाली. रस्ता असा की वहीतली अक्षरं नाचू लागली. प्रत्येक खड्ड्याला ती मनात म्हणायची, पासपोर्ट. आणि तोंडाने म्हणायची, बॅग. मागच्या सीटवर सत्यभामाबाई तिच्याकडे बघत होत्या. मध्येच त्यांनी हात पुढे करून सुनेच्या डोक्यावरून फिरवला. ही काय नवीन भानगड, असं वाटून विजयश्री आणखीच घाबरली.

चिंचोळीत शोभाबाईंच्या ओट्यावर सात बायका जमल्या होत्या. लंकेला निघालेली माणसं गल्लीतून काही रोज जात नाहीत! आधी चुरमुऱ्यांचा सुसला खा. खाल्ला. मग ओटी. मग चहा, दोनदा. बॅग मधोमध पाटावर होती, मुठीला सुपारी-हळकुंडाची पुरचुंडी, वर कुंकू. ती रात्रीतून चांगलीच फुगली होती. दहा वाजून पन्नास मिनिटांनी ती अखेर विजयश्रीच्या हाती आली आणि तिने तिथेच चेन ओढली.

आत मन्नाएखेळ्ळीची शेंगाचटणी होती. चिटगुप्प्याच्या कडक भाकऱ्या होत्या, बाराएक. चिंचोळीच्या तुरीच्या डाळीची पिशवी होती. दोन नारळ. सगळ्यात खाली घडी घातलेलं सत्यभामाबाईंचं हिरवं लुगडं. कागद एकही नव्हता.

तिने लुगडं झटकलं. भाकऱ्यांची चळत उचलून खाली पाहिलं. मग ती पाटावरच बसली. बालाजीचा चेहरा पिठासारखा झाला होता. बावीस वर्षांत विजयश्रीचं निरीक्षण चुकलं नव्हतं, आणि निरीक्षण असं होतं की सहल संपली. बायकांतल्या कुणीतरी विचारलं, डाळ आवडली न्हाई का?

"आत्या," तिने शेवटी सांगून टाकलं. बीपी गेलं खड्ड्यात. "आपले पासपोर्ट हरवले. या बॅगेत होते. तिकिटं, सगळं. आपल्याला नाही जाता येणार."

सत्यभामाबाईंनी शांतपणे कमरेची चंची सोडली. त्यातून पानसुपारी बाजूला सारली, एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तीन पासपोर्ट तिच्या मांडीवर ठेवले. तिकिटं आणि हॉटेलचे कागदही, रबर लावून.

"हे व्हय? हे कामून हरवतील? परस्तानाला नेसायचं वस्त्र ठेवतेत, माय. कागद कुणी परक्याच्या घरी पाठवतं का? मी आधीच काढून घेतले."

"मग काल का नाही सांगितलं?" बालाजीचा आवाज फाटला.

"तुमी इचारलंच न्हाई. दोघंबी नुसतं बॅग, बॅग करायलात." मग त्यांनी सात बायकांकडे वळून, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "मला वाटलं शिकलेली पोर आहे, माझा नेम हसण्यावारी नेईल. पर बघा, परस्तानासाठी भल्या पहाटे उठून दोन गावं पालथी घातली. सख्खी लेक करणार न्हाई एवढं केलं."

सात बायकांनी विजयश्रीकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर तिला कॉलेजच्या कुठल्याही स्नेहसंमेलनात मिळाली नव्हती. तिने तोंड उघडलं. घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. तिने तोंड मिटलं आणि सासूबाईंच्या पाया पडली. वेळ वाचला.

विमान मिळालं. दुसऱ्या दिवशी, आलेखातल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा, तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. लाटांची वारंवारता मोजायला म्हणून आणलेलं घड्याळ हातात तसंच राहिलं आणि पायजम्याच्या गुडघ्यापर्यंत लाट आली. शेजारी सत्यभामाबाई लुगडं खोचून उभ्या होत्या, हातात कडक भाकरीचा तुकडा. "लई पाणी आहे," त्या म्हणाल्या, आणि विजयश्रीला भौतिकशास्त्राकडून त्यावर भर घालण्यासारखं काही सुचलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सत्यभामाबाईंनी ती मैलूरपासून चिंचोळीपर्यंत पोचवली आहे. त्यामुळे हल्ली विजयश्रीच्या फोनवर विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या आज्यांचेच फोन जास्त येतात. मॅडम, नातू शुक्रवारी पुण्याला जायलाय, परस्तान कुणीकडं ठेवू? हे सगळं अशास्त्रीय आहे, असं सांगायचं ती दरवेळी ठरवते. मग फोनवरचं होकायंत्र उघडते, आणि पुणे बिदरपासून बरोबर किती अंशांवर आहे ते सांगून टाकते. चुकीची दिशा सांगणं तिला जमत नाही.