घोयऱ्याचा मांडव

सिद्रामप्पांच्या घरात गॅसच्या सिलिंडरला झालर आहे. मरून मखमल, खाली सोनेरी गोंडे. मीच शिवलीय, म्हणून छातीठोक सांगते. पाण्याच्या टाकीला कमान आहे, मोटारसायकलच्या सीटला जरीची किनार आहे, आणि दारातल्या शेवग्याला माणूसभर उंचीपर्यंत पिवळं-गुलाबी कापड गुंडाळलेलं आहे. शेवग्याला कशाला हो अप्पा, असं मी एकदा विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "लई उघडं दिसत हुतं."

हे त्यांचं पालुपद. देवानं हे जग केलं खरं, पण डेकोरेशन करायचं तेवढं राहून गेलं, अशी अप्पांची पक्की समजूत आहे.

आमचं जळकोट हायवेवरचं गाव. अप्पांचं मंडप डेकोरेशनचं दुकान आणि माझं शिलाईचं, मध्ये एक भिंत. पंचक्रोशीतल्या नवरीच्या डोक्यावर जी झालर हलते ती माझ्या मशीनखालून गेलेली असते, आणि तिची चुणी न् चुणी अप्पांनी बोट फिरवून तपासलेली असते. चुणी वाकडी निघाली तर अप्पा रागवत नाहीत. नुसते "शिव शिव" म्हणून डोळे मिटतात. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी मुकाट्यानं उसवायला बसते.

उंच, वाळकं शरीर, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळं निम्मं बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून येतं. एकदा एका मयताला आम्ही बरोबरच गेलो होतो. घरच्या बायका हंबरडा फोडताहेत आणि हे वर ताडपत्रीकडं बघत माझ्या कानाशी म्हणतात, "डाव्या अंगाचा बांबू खचलाय." परत येताना बघते तर बांबू सरळ केलेला.

आता अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं लग्नात मांडवच नको म्हणावं, याला काय म्हणायचं?

शिल्पा पुण्यात नोकरी करते. तिनं कळवलं, अप्पा, मी नोंदणी लग्न करतेय, जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात राबलात, माझ्या लग्नात तरी खुर्चीवर बसून राहा. पोरीच्या पोटात माया होती हो. पण अप्पांना ते जिथं लागायचं तिथंच लागलं. पोरगा दुसऱ्या जातीचा होता. त्यावर अप्पा हूं की चूं बोलले नाहीत. समजूत घालायला आलेले गल्लीतले म्हातारे चहा पिऊन हिरमुसून परत गेले. मांडव नाही, हे मात्र अप्पांच्या घशाखाली उतरेना. "मांडव न्हाय तर म्या येऊन काय करू?" म्हणाले, आणि खरंच गेले नाहीत.

शिल्पाही त्यांचीच लेक. तीही अडून बसली. शिल्पाच्या आई, आमच्या काकू, असत्या तर दोघांचे कान धरून मिटवलं असतं, पण त्या शिल्पाच्या लग्नाआधीच वारल्या. राहिले मी. शिल्पाचा फोन मला यायचा. अप्पा जेवतात का, गुडघा दुखतो का, हेच सगळं. मी फोन ठेवला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, कुणाचा फोन हुता गं, सुरेखा?

"गिऱ्हाइकाचा," मी म्हणायचे.

मग, "बरं हाय न्हवं गिऱ्हाईक?"

"बरं आहे."

यंदा ते गिऱ्हाईक पोटुशी राहिलं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण शिल्पा मला म्हणाली, "मावशी, बोलावणं आल्याशिवाय कशी येऊ? अप्पा एक शब्द बोलू देत, मी दुसऱ्या दिवशी निघते." सातवा संपत आला होता. आणखी थोडे दिवस गेले की डॉक्टर प्रवास करू देणार नव्हते. मी अप्पांच्या कानावर घातलं. अप्पा म्हणाले, पुण्यात सगळं मिळतं तिला.

बरं, त्यांच्या गोडाऊनात डोहाळजेवणाची एक चंद्रकोर आहे. प्लायवूडची, रुपेरी, आत बसायला गादी. शिल्पा कॉलेजात होती तेव्हा अप्पांनी स्वतः बनवलीय. ती अजून कुणालाही भाड्यानं दिलेली नाही. कुणी मागितली की सांगतात, रंग ओला हाय. इतकी वर्षं ओला रंग मी दुसरा पाहिला नाही. शिल्पाचं डोहाळजेवण पुण्यात झालं, त्याचे फोटो मी त्यांना मोबाईलवर दाखवले. दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला, आणि मोबाईल परत देत म्हणाले, "झालर वाकडी लावलीय." त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं.

आणि अशात तो घोयरा आला.

आश्विनात तुळजापूरला पायी जाणाऱ्या लोकांसाठी हायवेकडेला मांडव घालायचं काम अप्पांकडं असतं. त्या मांडवासमोर एक घोयरा रस्ता ओलांडत होता. घोयरा म्हणजे साधा सरडा नव्हे, रंग बदलणारा. हिरवागार, शेपटीची गुंडाळी, दोन डोळे दोन दिशांना, आणि चाल अशी की एक पाऊल टाकायचं तर आधी तिथंच चारदा डुलायचं. अशा चालीनं हायवे ओलांडायचा म्हणजे मरणाचंच काम. शिवाय घोयरा विषारी असतो असा आमच्याकडं समज, त्यामुळं पोरांनी दगड उचललेले. अप्पा शिडीवरून उतरले, पंचा टाकला आणि त्याला उचलून घरी आणलं.

परसात डाळिंबाचं झाड आहे. अप्पांनी त्याच्याभोवती चार पाइप उभे केले, जाळी लावली, वर छत ओढलं. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर पुढं कमान. मग प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा. खाली माती दिसत होती, तर लग्नातलं हिरवं मॅटिंग आणून चारी कडांनी खिळे ठोकून गच्च बसवलं. मग मला फर्मान आलं, वीतभर उंचीची झालर पाहिजे, चारी बाजूंनी. एवढ्याशा चुण्या घालता घालता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, अप्पा, अहो त्याला काय कळतंय? तर म्हणाले, पावणा हाय, उघड्यावर बसवायचा का?

अप्पांचा आणखी एक समज होता. जसा मांडव तसा घोयऱ्याचा रंग. म्हणून मागं रोज नवा पडदा. लाल मखमल लावली, तो काळपट पडला. सोनेरी जरी लावली, आणखी काळा. शेवटी विजेची लुकलुकती माळ सोडली, तर डाळिंबाच्या पार आत जाऊन कोळशासारखा काळाठिक्कर बसला. अप्पा चिंतेत पडले. मला म्हणाले, "सुरेखा, कापडाचा पोत पसंत न्हाय त्याला."

खाण्याची आणखी मजा. अप्पा लिंगायत, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आणि घोयऱ्याला लागतात जिवंत नाकतोडे. रोज सकाळी हा माणूस विभूती लावून, गळ्यात इष्टलिंग घालून, बांधाबांधानं नाकतोडे धरत फिरायचा. जाळीतून नाकतोडा आत धरायचा आणि तोंड दुसरीकडं फिरवायचं. घोयऱ्याची हातभर जीभ यायची, चट् आवाज व्हायचा, अप्पा "शिव शिव" म्हणायचे आणि डोळे मिटूनच विचारायचे, "गेला का?"

पितळी पेल्यातलं पाणी मात्र तो पीत नव्हता. पानांवर पडलेले थेंब तेवढे चाटायचा. हे लक्षात आल्यावर अप्पांनी काय करावं? लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायची ती लांब मानेची गुलाबदाणी काढली, साधं पाणी भरलं आणि सकाळ-संध्याकाळ डाळिंबावर शिंपडायला लागले. पाहुणा पाणी प्यायला लागला. अप्पांचा चेहरा असा फुलला, की मीही हसले. खोटं कशाला बोलू, लेक बोलावण्याची वाट बघत पुण्यात बसलेली आणि हे सरड्याला गुलाबदाणी दाखवतात, याचा मला मनातून संतापही येत होता.

मग पाहुण्याचं बिनसलं. नाकतोडा समोर धरला तरी ढुंकून बघेना. पोट मात्र टम्म. आणि कधी खाली न येणारा तो प्राणी झाडावरून खाली उतरून मॅटिंगच्या कोपऱ्यात नखांनी ओरबाडत बसायचा. एका कोपऱ्यात दमला की दुसऱ्या कोपऱ्यात. समोरचा किराणावाला हसून म्हणाला, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अप्पा. अप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यांचा विचार वेगळाच चालला होता. ज्या कोपऱ्यात तो ओरबाडायचा तो कोपरा त्यांना उघडा वाटायचा. ते तिथं एक फुलांची कुंडी आणून ठेवायचे. अशा तीन कोपऱ्यांत कुंड्या झाल्या. चौथ्यात घोयरा मान टाकून पडला होता.

गुरांच्या डॉक्टरीणबाई शेजारच्या म्हशीला बघायला आल्या होत्या. मी त्यांना हाताला धरून परसात आणलं. त्यांनी आधी कमान बघितली, मग झालर, मग कुंड्या. हसू आवरत आत वाकल्या आणि मग त्यांचं हसूच गेलं.

त्यांनी सांगितलं ते असं. हा जंगली जीव आहे, पाळणं गुन्हा आहे. कापड बघून तो रंग बदलत नाही, घाबरला की काळा पडतो. आणि मुख्य म्हणजे हा तो नव्हे, ती आहे. पोटात अंडी आहेत. रस्ता ओलांडत होती ती मऊ माती शोधायला. मातीत खड्डा करून अंडी घालते. आणि तुम्ही खाली खिळे ठोकून मॅटिंग घातलंय. आज माती मिळाली नाही तर पोटात अंडी अडकून मरेल.

अप्पांच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून हातात आल्या. इतकं स्पष्ट बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलंय.

"भरल्या पोटाची हाय? मंग तिनं कळवायचं न्हाय व्हय?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "कळवत होतीच की अप्पा. रोज कळवत होती. तुम्ही कुंड्या मांडत होता."

हे मी कोणाबद्दल बोलले ते डॉक्टरीणबाईंना कळायचं कारण नव्हतं. अप्पांना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पक्कड आणली आणि खिळे उपसायला बसले. कमान आडवी केली, माळा ओढून काढल्या. माझी वीतभराची झालर तर टर्रकन फाडली, उसवायलासुद्धा थांबले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथली माती कडक आहे, ओढ्याकडेला नेऊन सोडा, तिकडं माणसांचा वावर नको.

अप्पांनी डाळिंबाची फांदीच तोडली, तिच्यावर तिला बसवलं आणि फांदी दोन्ही हातांत धरून चालत निघाले. मी मागून. शेताच्या कडेला ओढ्याकाठी बोरीखाली मऊ, ओलसर माती होती. तिथं फांदी टेकवली. बराच वेळ ती हललीच नाही. मला वाटलं, गेली. मग एक डोळा आमच्याकडं, एक मातीकडं, असं करून डुलत डुलत उतरली आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागली.

आम्ही लांब जाऊन बांधावर बसलो. दुपार कलली. एक कुत्रं तिकडं निघालं होतं, त्याला अप्पांनी ढेकूळ मारून हाकललं. तिचं निम्मं अंग खड्ड्यात गेलं होतं. वर छत नाही, बाजूला पडदा नाही. मी वाट बघत होते, आता हे म्हणणार, लई उघडं दिसतंय. ते म्हणाले नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते.

दिवस उतरायला लागला तेव्हा ती मातीनं भरलेली बाहेर आली, मागच्या पायांनी खड्डा बुजवला आणि बोरीवर चढली. तेव्हा हिरवी दिसत होती.

अप्पांनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला फोन लाव."

मी लावला, आवाज मोठा करून दोघांच्या मधे धरला. पलीकडून शिल्पा म्हणाली, बोल मावशी. अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तोंडात एकही टाचणी नव्हती तरी शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "शिल्पी, म्या हाय. माहेरी ये."

पलीकडून नुसते हुंदके ऐकू यायला लागले. अप्पा घाबरले. घाईघाईनं म्हणाले, "मांडव-बिंडव काय न्हाय. तू नको म्हणशील तर एक बांबू रोवणार न्हाय. नुसती ये. चंद्रकोरीचा रंगबी वाळलाय, पण ती तशीच ऱ्हाऊ दे."

शिल्पा रडता रडता हसली. म्हणाली, "अप्पा, घाला हो मांडव. पण लहानसा घाला."

अप्पांनी समोर बोरीकडं, मग आभाळाकडं बघितलं. पंच्यानं तोंड पुसलं आणि माझ्या हातातला मोबाईल स्वतःकडं ओढून घेत अगदी गंभीरपणे विचारलं, "लहानसा म्हंजे किती बाय किती?"