मेंढ्या नसलेल्या घरातला मुकादम

इशाऱ्याचं पहिलं कर्तव्य म्हणजे दुर्लक्षिलं जाणं. ते त्याने चोख बजावल्याशिवाय पुढे कुणाला 'तरी मी सांगत होते' असं म्हणता येत नाही, आणि हे वाक्य बंद पडलं तर नातेवाइकांकडे बोलण्यासारखं फारसं काही उरणार नाही. या नियमाला अनुसरून ठकीच्या आईला तिच्या नणंदेने रीतसर इशारा दिला होता. नणंद जनावरांची डॉक्टर असल्यामुळे माणसांविषयीची तिची मतं सहसा बरोबर निघत.

"वहिनी, कळप राखणाऱ्या जातीचं पिल्लू आणू नकोस," ती फोनवर म्हणाली. "त्यांच्या रक्तातच काम असतं. मेंढ्या मिळाल्या नाहीत तर माणसांवर भागवतात."

"बरं होईल की," ठकीच्या तोंडातून मोजा ओढून काढत ठकीची आई म्हणाली. "या घरातल्यांना कुणीतरी हाकायलाच हवंय."

तिची गरज तशी साधी होती. ठकी झाल्यापासून तिने कडी लावून अंघोळ केली नव्हती. दार बोटभर उघडं ठेवायचं, डोक्याला साबण लावायचा आणि मध्येच ओरडायचं, "ठके, आहेस ना गं?" ठकी बाहेरून म्हणायची, "नाही." (दोन वर्षांची मुलं कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर देतात. यावर शास्त्रीय पाहणी झालेली नाही, गरजही नाही.) मग आई फेसासकट बाहेर. घरात बाप होता, पण त्याचं 'माझं लक्ष आहे' हे विधान आणि त्याचं लक्ष यांची गाठ क्वचितच पडे. आजोबांचं लक्ष कायम ठकीवर असे. चष्मा तेवढा दुसरीकडे असे.

पिल्लू जबाबदार माणसाकडूनच घ्यायचं, हे तिने वाचून वाचून पक्कं केलं होतं. बेजबाबदार विक्रेता ओळखायला सोपा असतो: तो पिल्लू विकतो. जबाबदार माणूस पिल्लू शक्यतो विकत नाही. तुम्ही त्याला लायक नाही, हे सिद्ध करण्याची तो तुम्हाला पुरेपूर संधी देतो. अशा एक बाई मिळाल्या. स्वतःच्याच घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, त्या क्वचित एखादी वीण वाढवत आणि पिल्लं दूध प्यायला बसली की मोठ्याने शिंकणाऱ्याला बाहेर काढत.

त्यांनी विचारलं: दिवसभर घरी कोण असतं? फरशी घसरते का? घरात आवाज कोण चढवतं, आणि कशावरून? चप्पल चावली तर चूक कुणाची? (बरोबर उत्तर: चपलेची.) शिवाय भल्या माणसांची शिफारस हवी, आणि ती नात्यातली नकोत.

प्रसूतिगृहात ठकी हातात देताना यातलं काहीही विचारलं नव्हतं. टॉवेलात गुंडाळून दिली आणि "सावकाश जा" म्हणाले. चूक झाली म्हणून कुणीतरी धावत मागे येईल, असं ठकीच्या आईला घरी पोचेपर्यंत वाटत होतं. कुणी आलं नाही. खरं तर तिला अजूनही तसं वाटतं.

मग बाईंनी पिल्लाच्या आईबापांचे खुबे आणि डोळे तपासल्याचे दाखले पुढे ठेवले. ठकीच्या आईने लग्नाआधी नवऱ्याचे फक्त डोळे पाहिले होते; खुबे राहूनच गेले. (आता तो जिना चढताना ऐकू येतात.)

"काहीही झालं तरी पिल्लू परत माझ्याकडेच यायचं," बाईंनी बजावलं. "केव्हाही."

"म्हातारपणीसुद्धा?" नवऱ्याने विचारलं.

"तेव्हा तर नक्कीच."

नवऱ्याच्या आईने त्याच्या लग्नात नेमकं उलट सांगितलं होतं.

शेवटची पायरी म्हणजे बाईंनी घर पाहणं. ठकीच्या आईने घर इतकं आवरलं, की आजोबांना स्वतःची खुर्ची सापडेना. बाईंनी फाटक हलवून पाहिलं, फरशीवर तळवा फिरवला, चहा घेतला आणि म्हणाल्या, "नाही जमणार."

"का हो?"

"घर उत्तम आहे. पण कळप राखणारी एक इथे आधीच आहे. मघापासून बघतेय. माझ्याशी बोलता बोलता तुम्ही मुलीला गुडघ्याने जिन्यापासून वळवलंत. सासऱ्यांना नुसतं बघून खाली बसवलंत. यांनी बिस्किटाला हात लावायच्या आत घसा खाकरलात. अशी मादी माझ्या एकाही विणीत निपजली नाही."

नवऱ्याने अभिमानाने मान डोलावली.

"एका कळपावर दोघं ठेवली, की एकाचं काम जातं," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे ना!" ठकीची आई एकदम म्हणाली. "ताई, मला दार लावून अंघोळ करायचीय हो."

बाईंनी कप खाली ठेवला. एवढ्या मुलाखतींत त्यांना हे कारण प्रथमच ऐकायला मिळालं होतं.

"काळं पिल्लू न्या," त्या हळूच म्हणाल्या. "कळपातला शेवटचा आत आल्याशिवाय ते जेवत नाही."

पिल्लाचं नाव मुकादम पडलं. ते थोडं मोठं झालं आणि नणंदेचा इशारा कामावर रुजू झाला. मुकादमाने आधी ठकीला, मग आजोबांना, मग मोबाईलसकट बापाला पोटरीला नाक लावून दिवाणखान्यातल्या सतरंजीवर आणून बसवलं. घरातल्यांचं विखुरलेपण जवळजवळ नाहीसं झालं. (नवऱ्याला संडासला जायचं असल्यास आजोबांना तारण ठेवावं लागे.) नणंद 'तरी मी सांगत होते' म्हणायला मुद्दाम आली, आणि सतरंजीवर बसूनच म्हणाली.

आणि एका सकाळी ठकीच्या आईने कडी लावली. गरम पाणी सोडलं. एकदा शाम्पू केला आणि नंतर, कुणी विचारणारं नाही म्हणून, पुन्हा केला. कुणालाही हाक मारली नाही.

मग दारावर नखं वाजली. एक बारीक, चिंतातुर कण्हणं आलं.

ती टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आली. सतरंजीवर ठकी होती, बाप होता, आजोबा चष्म्यासकट होते. सगळे जागच्या जागी. मुकादमाची वाटी मात्र भरलेली होती. त्याने तिच्या ओल्या पोटरीला नाक लावलं, तिला सतरंजीपर्यंत आणलं, बसवलं, एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तेव्हा कुठे तो जेवायला गेला.

"आई पण!" ठकी टाळ्या वाजवत म्हणाली.

ती तशीच बसून राहिली, केसांतून पाणी गळत. मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजायचं असतं, हे या घरात आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

बाईंचा अजून अधूनमधून फोन येतो. जेवतो का, झोपतो का, कुणी त्याच्याशी बोलतं का? मुकादमाचं उत्तम चाललंय. ठकीच्या आईबद्दल विचारायची जबाबदारी अर्थातच बाईंची नाही.

तिची वाचकांना एकच विनंती आहे. तुम्ही हे इथवर निवांत वाचलंत, याचा अर्थ तुमच्या घरात दुसरं कुणीतरी मोजतंय. जरा उठा आणि ती कुठे आहे ते बघून या. दार बोटभर उघडं असेल, तर बाहेरून हळूच लोटून घ्या. आणि 'माझा टॉवेल कुठाय' हे तेवढं आत्ता विचारू नका.