रस्टीचे वैभव व क्लिफर्डचे केस

"रस्टी पेनरोजपाशी सगळं असेल, पण केस माझ्यापाशी आहेत!" असे उद्गार काढून क्लिफर्ड हकरबी याने आपल्या कमरेपर्यंत रुळणाऱ्या केशसंभारावरून कंगवा फिरवला, चामडी जाकीट अंगात कोंबले आणि पोट आत घेऊन जाकिटाची चेन वर ओढली. "आज क्रॅडवेलच्या भर चौकात, साऱ्या गावासमोर, त्याच्या तोंडून वदवून घेतो की नाही बघ!"

"काय वदवणार?" त्याची पत्नी डोरीन हिने विचारले. तिला उत्तर पाठ होते.

"हेच, की त्याला गिटारवरची पहिली कॉर्ड मी शिकवली!"

वाचकहो, ही गोष्ट शंभर टक्के सत्य होती. वयाच्या सोळाव्या वर्षी, वुल्व्हरहॅम्प्टन येथे, क्लिफर्डच्या आईच्या कोळशाच्या खोलीत, या दोघा मित्रांनी आपल्या रॉक बँडची मुहूर्तमेढ रोवली. रस्टीला तेव्हा गिटार कोणत्या बाजूने धरावी हेही ठाऊक नव्हते. क्लिफर्डने त्याची बोटे तारांवर ठेवून त्याला ई मायनर ही कॉर्ड शिकवली. त्यानंतर रस्टीने उरलेले सर्व स्वतःच शिकून घेतले, ही त्याची कृतघ्नता! गिटार, पियानो, ड्रम, कॉर्नेट, अकॉर्डियन, बासरी. ज्या वस्तूला भोक अथवा तार असेल ती त्या मनुष्याच्या हातात वाजू लागे. त्याच्या तबकड्या देशोदेशी खपल्या. त्याने चित्रपटांना संगीत दिले. आता तो एका प्राचीन गढीत राहत असे, जिच्या फाटकापासून दारापर्यंत जावयास मोटार लागे. तिथे त्याच्या मालकीचे तळे होते, तळ्यात त्याच्या मालकीचे मासे होते आणि भोवतालच्या कुरणात त्याच्या मालकीच्या मेंढ्या चरत होत्या.

आणि क्लिफर्ड? पहिली तबकडी निघण्याच्या केवळ एक आठवडा आधी त्याने बँड सोडला होता. कारण बँडच्या व्हॅनमध्ये हीटर नव्हता आणि गालिच्यांच्या दुकानात होता. तेव्हापासून तो लोकांच्या घरी गालिचे बसवी. काम चालू असता रेडिओवर रस्टीचे गाणे लागले, तर तो खिळे इतक्या त्वेषाने ठोकी, की खालच्या मजल्यावरील भाडेकरू तक्रार घेऊन वर येत!

तथापि विधाता न्यायी असल्याचा एक पुरावा त्याच्यापाशी होता. रस्टीच्या मस्तकावरील केस साफ गळून गेले होते. ही बातमी फारच थोड्या लोकांना ठाऊक होती. क्लिफर्डने ती ऐकली त्या दिवशी पबमध्ये सर्वांना स्वखर्चाने बिअर पाजली होती.

असो. त्या वर्षी नाताळच्या रोषणाईची कळ दाबण्यासाठी शेजारच्या क्रॅडवेल गावाच्या नगरपालिकेने रस्टीला पाचारण केले होते. डोरीनसह चौकात पोहोचताच क्लिफर्डने पाहिले, की भिंतीभिंतीवर रस्टीची चित्रे असलेली भित्तिपत्रके लावली आहेत. परंतु चित्रे त्याच्या तारुण्यातील! कमरेपर्यंत केस, चामडी जाकीट! क्लिफर्ड त्या चित्राखाली उभा राहून नाक मुरडत असतानाच गळ्यात पदाची सोन्याची साखळी घातलेल्या महापौर मिसेस ऑलरॉइड धावत आल्या.

"मिस्टर पेनरोज! अहो, इतक्या लवकर? आणि अगदी चित्रातल्यासारखे दिसता हो!"

"नाही नाही, बाईसाहेब, मी तो नव्हे."

"किती हा साधेपणा!" महापौरबाईंनी त्याचा हात धरून ओढला. "या, या! मांस भरलेल्या गरम पाई आहेत, चहा आहे!"

पोर्क पाईचा दरवळ आला आणि क्लिफर्डचा विरोध मावळला. डोरीनने त्याच्या घोट्यावर बुटाचे टोक मारले. "अरे, सांग ना त्यांना!"

"सांगतो गं. तोंडातला घास संपू दे."

घास संपला तेव्हा दुसरी पाई आली होती. दुसरी संपली तेव्हा त्याला मंचावर बसवले होते आणि लोक स्वाक्षऱ्या मागत होते. इतक्यात चौकात चिखलाने माखलेली एक गाडी थांबली व तीतून गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि कानापर्यंत टोपी घातलेला एक मनुष्य उतरला. तो सरळ मेंढ्यांतून उठून आलेला रस्टी पेनरोज होता!

"आलात का, वायरमन? किती हो उशीर!" महापौरबाई त्याच्यावर खेकसल्या. "दिव्यांच्या तारा कधीच्या लोंबताहेत. चढा शिडीवर!"

रस्टीने बाईंकडे पाहिले, मंचावर पाई खाणाऱ्या क्लिफर्डकडे पाहिले, भिंतीवरील आपल्या चित्राकडे पाहिले. आणि तो नीच मनुष्य हसत हसत शिडी चढू लागला!

मंडळी जमली. ध्वनिक्षेपक क्लिफर्डच्या हाती आला. शिडीकडे त्याची पाठ होती; रस्टी आल्याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याच्या मनात विजेप्रमाणे एक विचार चमकला: रस्टीच्या तोंडून जे वदवायचे, ते रस्टी बनून आपणच का वदू नये?

"नागरिकहो!" तो गरजला. "मी आज जो काही आहे, तो एकाच महापुरुषामुळे! क्लिफर्ड हकरबी! मला पहिली कॉर्ड त्यानं शिकवली! माझ्याहून दसपट गुणी माणूस! माझी गढी, माझं तळं, माझ्या मेंढ्या. खरं म्हणजे सगळं त्याचंच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लिफर्डचे डोळे भरून आले. इतकी वर्षे ज्यासाठी तळमळलो ते हेच!

"अय्या!" महापौरबाई म्हणाल्या. "कुठं असतात हो हे हकरबी? आज आलेत का?"

 आणि वरून, शिडीच्या टोकावरून, आवाज आला,

"आलोय की! मीच तो!"

रस्टीने वरच्या विजेच्या पेटीवर एक ठोसा मारला, फटकन सारी रोषणाई पेटली आणि समुदायाने त्याला शिडीवरून खाली उतरू न देता थेट खांद्यावर घेतले! "क्लिफर्ड! क्लिफर्ड!" असा जयघोष दुमदुमला. नाताळची गाणी वाजवायला आलेल्या मुक्तिफौजेच्या वादकांपैकी एकाचे कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, घेऊन रस्टीने असे सूर काढले, की गावच्या खाटकानेही डोळे टिपले. मग ड्रम. मग अकॉर्डियन.

"आता तुम्ही!" लोकांनी मंचावरील क्लिफर्डच्या हाती गिटार दिली. त्याने ई मायनर वाजवली. लोक थांबले. त्याने पुन्हा ई मायनर वाजवली.

"वय झालं बिचाऱ्याचं," पुढच्या रांगेतील एक म्हातारी म्हणाली. "नुसते केस उरलेत."

"हकरबीसाहेब," महापौरबाईंनी लाडिकपणे विचारले, "तुमच्या पत्नी आल्या आहेत का?"

"आले! आले!" असे ओरडत डोरीन गर्दीतून धावली. स्वतःच्या लग्नातही ती इतक्या वेगाने चालली नव्हती! तिने रस्टीच्या दंडात हात घातला. छायाचित्रकारांचे दिवे लखलखले.

"हिच्यासाठीच बँड सोडला मी!" रस्टी गहिवरून म्हणाला. "गढी काय, कुणालाही मिळते!"

बायका रडू लागल्या. क्लिफर्डच्या अंगाचा तिळपापड झाला. रस्टीचे वैभव त्याने कसेबसे सोसले होते; परंतु हा क्लिफर्ड हकरबी त्याच्याने पाहवेना! काय त्या हलकटाचे नशीब! कला आहे, लोकप्रेम आहे, आणि वर बायकोही लाजते आहे!

"खरं सांगा, मिस्टर पेनरोज," महापौरबाई त्याच्या कानाशी कुजबुजल्या. "त्यांना पाहून तुम्हाला थोडा हेवा वाटतो ना?"

"भयंकर!" क्लिफर्ड म्हणाला. मंचावर चढल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला हा एकमेव प्रामाणिक शब्द होता.

परतताना गाडीत त्याने विचारले, "दंडात हात कशाला घालायचा गं?"

"नवरा होता ना माझा!" डोरीन खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "आणि काय रे, तू कॉर्नेट का नाही शिकलास?"

दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर ठळक मथळा झळकला: 'खरा कलावंत क्लिफर्ड हकरबी! रॉक तारा त्याच्यापुढे फिका!' खाली खांद्यावर घेतलेल्या रस्टीचे व त्याला बिलगलेल्या डोरीनचे मोठे छायाचित्र.

ते कात्रण आता सदैव क्लिफर्डच्या खिशात असते. पबमध्ये नवा गडी दिसला, की तो ते बाहेर काढतो व मथळा मोठ्याने वाचून दाखवतो. छायाचित्रावर मात्र तो आपला अंगठा दाबून धरतो; आणि छायाचित्र मोठे असल्यामुळे दुसरा अंगठाही लावावा लागतो, तेव्हा बिअरचा पेला डोरीनला धरायला सांगतो. ती तो धरते, आणि पिऊनही टाकते.