रुख्माबाईंनी चढ सर केला त्याची हकिगत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. तिचे पायी मस्तक ठेवून, तुळशीपाशी दिवा लावून मग ही हकिगत लिहावयास घेतली आहे. जे घडले तेच लिहिले. पदरचे तिखटमीठ चुकून कोठे पडले असेल तर वाचणारांनी ते पोटात घालावे.

गोंदिया प्रांती, कामठा मुक्कामी, राजश्री रेवाराम रहांगडाले यांचे कुटुंब वज्रचुडेमंडित रुख्माबाई, बहुत धर्मशील, नेमाच्या पक्क्या. परंतु नववी होताच लगीन जाहले आणि विद्येचा गड अर्ध्यावरून उतरावा लागला. मग पुष्कळ वर्षे संसाराची चाकरी केली. पुढे गावच्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य स्वयंसेविका, लेकाकडे नागपुरास राहावयास गेल्या, जागा रिकामी पडली, आणि फर्मान आले की, या जागी दहावी पास बाई पाहिजे. गावच्या बाळंतिणींची सेवा आपले हातून घडावी ऐसे रुख्माबाईंनी मनी धरिले आणि मार्चात दहावीवर स्वारी केली. मराठी, हिंदी, इतिहास हे गड पडले, विज्ञान शरण आले, इंग्रजीनेही हत्यार खाली ठेविले. परंतु गणिताने मोठी शिकस्त दिली. आता जुलैची फेरपरीक्षा हीच अखेरची संधी, कारण त्यानंतरचे ग्रामसभेत जागा भरणार होती.

मग मसलत बसली. कन्या कुमारी प्राची, अकरावीत शिकणारी, जिभेची तिखट, तिजला सरसेनापतीची वस्त्रे दिधली आणि घरापुढले सपरीत चटई अंथरोन छावणी केली. दिवस रोवणीचे. रेवाराम चिखलाने माखून बांधीतून आले आणि छावणी पाहोन बोलले, "बाया तिकडं कमरेत वाकून धान लावून राहिल्या, अन् तू येथं रेघा ओढून राहिली?"

बाईसाहेबांनी मान वर न करता जबाब दिधला की, "रेघा नाही जी, चढ काढून राहिली. तुमी पाय धुऊन वर या."

गनीम दोघे होते, एक घनफळ आणि दुसरा रेषेचा चढ. प्रथम घनफळाशी गाठ पडली. सेनापतींनी उदाहरण घातले की, धानाची रास शंकूच्या आकाराची, त्रिज्या सात मीटर, उंची चोवीस मीटर, तर घनफळ किती. बाईसाहेब ऐकोन थक्क जाहल्या आणि पेन्सिल खाली ठेविली.

"चोवीस मीटर? अवं, आपलं मोहाचं झाड तरी एवढं उंच आहे का? अन् एवढी उभी रास ठरन कशी? धान तर घसरते."

"माय, तपासणारा सर धान घ्यायले येऊन नाही राहिला. तू एक तृतीयांश लाव."

तेव्हा नाइलाज जाणून एक तृतीयांश लाविले, बावीस सप्तमांश आणि त्रिज्येचा वर्ग जोडीस दिधले, उंची पाठीशी उभी केली, आणि बाराशे बत्तीस घनमीटर धान जेरबंद जाहले. एवढे ठेवावे कोठे, ही चिंता मात्र बाईसाहेबांचे मुखावर दुपारपावेतो होती.

चढाचा बंदोबस्त कठीण पडला. सूत्रातील वजाबाकीवर बाईसाहेबांचा इतबार नव्हता. त्या आलेखाच्या चौकटी बोटाने मोजीत. किती वर गेलो त्यास किती पुढे गेलो याने भागावे, इतकाच कायदा. एक आणि दोन या बिंदूपासून तीन आणि सहा या बिंदूपर्यंत रेषा गेली, वर चार, पुढे दोन, म्हणोन चढ दोन. परंतु बाईसाहेबांचे उत्तर पाच तृतीयांश. पुन्हा मोजले, पुन्हा पाच तृतीयांश. सेनापती हैराण. मग प्राचीने कान देऊन ऐकिले तो, बाईसाहेब उभे राहण्याचे बिंदूवरच बोट टेकून पुटपुटत होत्या, "लाभ, दोन, तीन..."

"माय! हे लाभ काय म्हणून राहिली? येथं तर आपण हाललोच नाही. मोजण्यात काऊन धरते?"

"पोरी, मोजणी लाभापासूनच होते. खळ्यावर पहिल्या पायलीले एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतेत."

प्राचीने हुकूम फर्माविला की, लाभ बंद. बाईसाहेबांनी आलेखाचा कागद दूर सारिला, म्हणाल्या, बिनालाभाचे मोजणे माझ्याने व्हावयाचे नाही, आणि उठोन आत गेल्या. तलवारी म्यान जाहल्या नाहीत. परीक्षा परवावर आली.

सांजेस देवापुढे नैवेद्य काढिताना बाईसाहेबांचा हात थबकला. पहिला घास देवाचा. तो का आपण जेवलो त्यात धरितो? तैशाच हळदीच्या हाताने बाहेर आल्या, बिंदूवर बोट टेकून "लाभ, देवाचा" म्हटले, आणि पुढले चौकटीवर "एक". वर चार, पुढे दोन. चढ दोन. प्राचीने तह मान्य केला आणि मायच्या गळ्यात पडली.

परीक्षेचे दिवशी गोंदियाचे केंद्रावर चढ समोर उभा ठाकला. बाईसाहेबांनी कच्च्या कामाचे पानावर चौकटी आखिल्या आणि ओठ हालू लागले, तेव्हा पाळतीवरचे सर जवळ आले.

"मावशी, पेपर लिहून राहिल्या का मंत्र म्हणून राहिल्या?"

"दोन्ही, सर."

निकालाचे दिवशी रेवाराम बांधावर मोबाईल उंच धरोन रेंज शोधीत होते. गणित काठावर, परंतु पास. जिलेबी आली, त्या दिवशी एकादशी, म्हणोन बाईसाहेबांनी आपला वाटा झाकून ठेविला आणि दुसरे दिवशी शिळीच खाल्ली, बहुत गोड लागली.

मग ग्रामसभा भरली आणि आशाताईचे जागेस रुख्माबाईंचे नाव मंजूर जाहले. नवे ग्रामसेवक कागदावरून मान वर करोन पुसते जाहले की, ह्या बाई कोण? त्या समयी रेवाराम भर सभेत उभे राहिले, टोपी नीट केली आणि बोलले, "आमच्या घरची होय जी. दहावी पास."

येणेप्रमाणे चढ सर होऊन फत्ते जाहली, हे सकळांस जाहीर असावे.