एकतिसावं कलम

आमच्या देशात बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य आमच्या अंगणातल्या आंब्याच्या सावलीएवढं आहे. हा आंबा म्हणजे राज्यघटनेचं एकतिसावं कलम.

माझे सासरे रत्नागिरीहून पूर्व आफ्रिकेत आले आणि किंबोरा देशाच्या सरकारी बागेत मुकादम झाले. देश स्वतंत्र झाला तेव्हा घटना लिहायला मदत करणारे एक मराठी वकील त्यांना म्हणाले, "एकतिसावं कलम आजच लावून टाका." बागेत तीस कलमं होती. आणखी एकाला जागा नव्हती, म्हणून सासऱ्यांनी ते घरी लावलं. तोवर राजपत्रात एकतिसावं कलम म्हणून याच झाडाची नोंद झाली होती. तेव्हापासून या कलमाखाली जो बोलेल, लिहील, त्याला पकडता येत नाही. पाणी मी घालते.

मागच्या सोमवारी रेहेमा आली. ती इथल्या साप्ताहिकात बातमीदार आहे. दवाखान्यातला लशींचा फ्रिज गव्हर्नरसाहेबांच्या घरी बिअर थंड करतो, असं तिनं लिहिलं होतं. बुधवारी साडेबाराला कोर्टात हजर झाली नाही, तर साप्ताहिकाला टाळं लागणार होतं. आणि वाटेत पकडली गेली तर हजर कशी होणार?

तिच्या मागोमाग सार्जंट म्वाकाले मोजपट्टी घेऊन आला आणि सावलीच्या कडेला खुर्ची टाकून बसला. सावली सरकली की तो खुर्ची सरकवी, रेहेमा चटई सरकवी.

"बाहेर ये गं. मला घरी जायचंय."

"तुम्हीच आत या की, दादा. डोकं तापलंय तुमचं."

"मामा, हिला समजवा," तो मला म्हणाला. इथे बाईमाणसाला मामा म्हणतात. अठ्ठावीस वर्षं झाली, तरी मी अजून मागे वळून बघते.

बुधवारी सकाळी सार्जंटच्या नावे सरकारी कागद आला. कलमात दुरुस्ती करायची होती. सार्वजनिक शांततेसाठी वाजवी छाटणी. सार्जंटनं करवत आणली.

"कुठली फांदी?" मी विचारलं.

त्यानं कागद उलटसुलट केला. "जिच्याखाली ती बसलीय ती."

रेहेमा दुसऱ्या फांदीखाली गेली.

"मग ही," सार्जंट म्हणाला.

असं चार फांद्यांपर्यंत चाललं. मला काही उमगेना. दुरुस्ती म्हणजे मोडलेलं नीट करणं ना? झाड तर धडधाकट होतं.

बारा वाजले. एकच फांदी उरली. रेहेमा खोडाला पाठ लावून उभी होती. कोर्ट दहा मिनिटांवर, पण मधला सगळा रस्ता उन्हाचा.

तेवढ्यात मला न्हाणीघरामागची कुंडी आठवली. पावसाळ्यात याच झाडाचं मी एक छोटं कलम बांधलं होतं. चांगलं जगलं होतं. मी कुंडी आणून सार्जंटपुढे ठेवली.

"हे काय?"

"पोटकलम," मी म्हटलं.

त्यानं कागद पुन्हा वाचला. पोटकलमाबद्दल त्यात काही नव्हतं.

रेहेमानं खांद्यावरची ओढणी गुंडाळून चुंबळ केली, कुंडी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. बाराचं ऊन आमच्याकडे अगदी सरळ डोक्यावर पडतं. सार्जंट पट्टी घेऊन तिच्याबरोबर फाटकापर्यंत वाकून चालला.

"तोंड सावलीत आहे," तो म्हणाला. "पाय उन्हात आहेत. नुसत्या पायांना पकडता येतं का, मामा?"

"मला नाही माहीत हो."

"मलाही नाही."

रेहेमा वळणावरून दिसेनाशी झाली. सार्जंट परत आला. करवत भिंतीला टेकवून ठेवली. मग त्यानं टोपी काढली, खुर्ची उचलली आणि उरलेल्या फांदीखाली नीट मांडली. चारही पाय सावलीत आहेत ना, हे मोजून घेतलं.

"मामा, मीही थोडं बोलू?"

"बोला ना."

"त्या फ्रिजपाशी सहा महिने माझाच पहारा होता," तो म्हणाला.

मी त्याला पाणी दिलं, उरलेलं झाडाला घातलं आणि लिहून घ्यायला वही आणली.