डोळा काढायचा आणि भरायचा

"मराठीत असा शब्दच नाही, ज्याची कुंडली मला मांडता येत नाही!" असं मास्तर उठता-बसता म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी शब्दकोश लिहायला घेतला आणि चार वर्षांत ते थेट 'ड'पर्यंत पोचले!

'डोळा' चुटकीसरशी उडवू, असा त्यांचा बेत. चेहऱ्यावर असतो तो पहिला अर्थ. पण झाडाला जिथून अंकुर फुटतो, त्या जागेलाही डोळाच का म्हणतात? इथे गाडं अडलं. त्यांनी रोपवाटिकेतल्या माळ्याला फोन लावला आणि त्याचं बोलणं मोठ्यांदा म्हणत उतरवून घेतलं.

"धारदार चाकूने डोळा काढायचा... लगेच दुसरीकडे भरायचा... घट्ट पट्टी... धरला नाही तर? फेकून द्यायचा! वा! आत्ताच येतो, माझ्यासमोर काढा!"

स्वयंपाकघरात मास्तरीणबाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मास्तरांच्या उजव्या डोळ्यात वर्षभर मोतीबिंदू. डॉक्टरचं नाव काढलं की गृहस्थ विषय बदलायचा. आणि आता परस्पर कुण्या भोंदूला गाठलं! चपला सापडेपर्यंत मास्तर गेलेसुद्धा. वहीत पत्ता होता. बाईंनी छत्री उचलली.

"इथे डोळे काढतात?" त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला धाप टाकत विचारलं.

"हो तर! सकाळपासून चाळीस काढले. लालचे काढून पांढऱ्यात भरले. आता आजोबा बसलेत बघा."

बाई आत घुसल्या. मास्तर एक डोळा मिटून पुढे वाकलेले, नाकासमोर माळ्याचा चाकू!

"माझ्या माणसाचा डोळा काढतोस, मेल्या?"

पहिल्या तडाख्यात चाकू उडाला, दुसऱ्यात तीन कुंड्या फुटल्या आणि माळी शेणखताच्या ढिगात!

"अगं, गुलाबाचा! कलमासाठी गुलाबाचा डोळा!" मास्तर ओरडले.

छत्री हवेतच थांबली. बाई ओशाळल्या, पण क्षणभरच.

"मग तुम्ही एक डोळा मिटून काय बघत होता?"

"त्या डोळ्याने... आता काहीच दिसत नाही गं."

बाईंनी छत्री खाली ठेवली. मग माळ्याची माफी मागितली, मास्तरांचा दंड धरला आणि तडक दवाखाना गाठला.

आठवड्याने ऑपरेशन होऊन पट्टी बांधलेले मास्तर खाटेवरून सांगत होते आणि बाई कोशात लिहून घेत होत्या. पट्टी सुटल्यावर मास्तरांनी हौसेने वही उघडली. अक्षर अगदी लख्ख दिसत होतं :

'डोळा : पुरुषांचा एक अवयव. त्याने दिसेनासं झालं तरी बायकोला सांगत नाहीत. व्युत्पत्ती : आडमुठेपणा.'