बेचाळीस नंबरचा पक्षी

चष्मेवाल्यांना स्वतःला चष्मा नव्हता, आणि ही गोष्ट ते दिवसातून निदान दोनदा कुणाला तरी ऐकवत. पस्तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, अर्ध्या वस्तीच्या नाकावर काचा चढवल्या, पण आपलं नाक मोकळं! "डोळे कसे राखावेत ते माझ्याकडे बघून शिका," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाइकाला नीट बघताच येत नसायचं, म्हणून तर ते बिचारं आलेलं असायचं.

दर वर्षी दुकानाच्या वाढदिवशी ते स्वतःची तपासणी करत. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापासून सहा पावलं मागे उभे राहत, एक डोळा झाकत आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत धडाधडा वाचून काढत. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा तेच. एक चूक म्हणून नाही. तक्ता पस्तीस वर्षं तोच होता, एवढं फक्त आपण ध्यानात ठेवू.

त्यांची बायको घरी शिलाईचं काम करायची. तिचं मशीन मागच्या खोलीत खिडकीशी होतं आणि खिडकीबाहेर रुंद पानांचं एक झुडूप होतं. महिन्याभरापूर्वी तिथे शिंपी पक्ष्यांची जोडी आली. मूठभर जीव, पण काम बघावं! पानांच्या कडा चोचीने टोचून, दोरा ओवून त्यांनी दोन पानांची पिशवी शिवली. बायको खिडकीच्या कट्ट्यावर नारिंगी दोऱ्याचे तुकडे ठेवायची आणि पाठ वळवायची. पुन्हा बघावं तर तुकडे गायब. आता त्या पिशवीत तीन अंडी होती. दिवसभर मशीन चालायचं आणि हातभर अंतरावर पक्षीण निवांत बसून असायची. तिला त्या खडखडाटाची सवयच झाली होती.

हे सगळं बायकोने नवऱ्यापासून लपवलं होतं. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी दारातल्या दिव्यावर बुलबुलाने घर केलं ते तिनेच सांगितलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती बातमी दिली. माणसं बघायला येऊ लागली, एकाने तर शिडी आणली. चौथ्या दिवशी बुलबुल गेले ते गेलेच. तेव्हापासून तिने ठरवलं होतं की या माणसाच्या कानावर पक्षी घालायचा नाही. दिसेल तर दिसेल. आणि घरटं त्याच्या नाकासमोर असूनही त्याला दिसत नव्हतं, याचं तिला पहिल्या आठवड्यात नवल वाटलं आणि दुसऱ्या आठवड्यात काळजी.

"अहो, एकदा डोळे दाखवून घ्या ना कुणाला."

"कुणाला दाखवू? सगळे मलाच दाखवायला येतात."

वस्तीत एक पक्षीमंडळ होतं. वर्षातून एका सकाळी घरोघरी अर्धा तास पक्षी मोजायचे, आणि ती यादी बागेच्या फाटकावर लागायची. मागच्या वर्षी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या नावापुढे 'घुबड, एक' असं लागलं होतं. बारा महिने झाले तरी डॉक्टरांच्या बोलण्यातून ते घुबड काही उडत नव्हतं. दातांचा माणूस घुबड बघतो आणि डोळ्यांचा माणूस साळुंक्या मोजतो, हे चष्मेवाल्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

यंदाच्या मोजणीला चार दिवस असताना ते सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात उभे होते. कुंपणापलीकडच्या उंच झाडाच्या शेंड्याशी त्यांना निळा पक्षी दिसला. ठसठशीत निळा, आणि पोटावर बारीक पांढरे ठिपके. त्यांनी धावत जाऊन पक्ष्यांचं पुस्तक आणलं, हात लांब करकरून पानं उलटली, आणि पान बेचाळीसवर तो सापडला. दूरच्या डोंगरांतला रहिवासी, वस्तीत कधी दिसल्याची नोंद नाही. नाव लांबलचक होतं आणि अक्षर बारीक, म्हणून त्यांनी दुकानातल्या सवयीने त्याला नंबरच दिला. बेचाळीस नंबर!

तीन दिवस त्यांनी नजर ठेवली. मग मंडळाच्या प्रमुख बाईंना फोन केला. बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, कुठल्याही गोष्टीचा पुरावा मागणाऱ्या.

"हलतो का?" बाईंनी विचारलं.

"वारा आला की पंख पसरतो."

"आवाज काढतो?"

"मितभाषी आहे."

"किती वेळ बसलाय?"

"तीन दिवस."

"तीन दिवसांत खायला कुठे गेला नाही?"

"बाई, एवढ्या लांबून आलाय, दमला नसेल का?"

"दुर्बिणीतून बघितलंत?"

"ज्यांचे डोळे अधू आहेत त्यांना दुर्बीण लागते," चष्मेवाले म्हणाले, आणि विषय संपला.

बाईंचा विश्वास बसला नव्हता, पण पस्तीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं? संध्याकाळपर्यंत बातमी वस्तीभर झाली. मोजणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता सगळं मंडळ चष्मेवाल्यांच्या मागच्या अंगणात जमणार असं ठरलं. बायको शिवलेले कपडे पोचवायला साडेसातला निघाली. एकोणीस माणसं येणार हेच तिला जड जात होतं, पण घरट्याचं सांगावं तर आणखी वीस होतील अशी भीती.

"खिडकीजवळच्या झुडपाला हात लावू नका, आणि लोकांना तिकडे उभं राहू देऊ नका," ती म्हणाली.

"का गं?"

"मशीनवर ऊन येतं."

म्हणजे प्रश्न फक्त उन्हाचा आहे, असं चष्मेवाल्यांनी धरलं. त्या एका वाक्याने घात केला. तिने खरं सांगितलं असतं तर, असं पुढे दोघांच्याही मनात कितीदा तरी आलं. पण तिने खरं का सांगितलं नाही, याचं उत्तर चष्मेवाल्यांकडेच होतं.

आठ वाजता त्यांनी अंगणाची पाहणी केली. एकोणीस माणसं उभी करायची तर झाडाच्या आणि लोकांच्या बरोब्बर मध्ये ते झुडूप! वीतभर छाटलं तर ऊन कितीसं येणार? त्यांनी छाटणीची कात्री शोधली. ती दाराजवळच्या खिळ्याला, त्यांच्या नाकाच्या उंचीवर, नेहमीप्रमाणे लटकत होती. ती न सापडल्याने त्यांनी बायकोची कापड कापायची कात्री घेतली. त्या कात्रीला त्या घरात कागदसुद्धा कापायची मुभा नव्हती.

वीतभराची दोन वीत झाली, मग एक बाजू बोडकी दिसायला लागली म्हणून दुसरीही. कुंपणावर एक चिमुकला पक्षी येऊन जिवाच्या आकांताने ओरडत होता, खाली झेपावत होता, परत कुंपणावर जात होता. चष्मेवाल्यांना तो धडसा दिसला नाही, फक्त ऐकू आला.

"ओरडू नकोस रे," ते मायेने म्हणाले. "आज मोठे पाहुणे यायचेत."

नऊच्या ठोक्याला मंडळ आलं. दातांचे डॉक्टर तीन पायांच्या घोडीवर हातभर लांब दुर्बीण लावून तयार झाले. चष्मेवाल्यांनी बोट दाखवलं, सगळ्या माना वर गेल्या. डॉक्टर बराच वेळ डोळा लावून बसले.

"निळा आहे," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"पोटावर पांढरंही आहे. पण... यावर काहीतरी लिहिलंय हो."

"लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"'नजर जपा.'" डॉक्टरांनी दुर्बिणीची चकती फिरवली. "आणि खाली फोन नंबर आहे."

कुणीतरी तो नंबर लावला. चष्मेवाल्यांच्या खिशात फोन वाजला!

पुढे काय झालं ते सांगायला नको. चष्म्याबरोबर फुकट मिळणारं काचा पुसायचं निळं फडकं, त्यांच्याच दुकानाचं. कावळ्याने कुणाच्या तरी दोरीवरून उचलून झाडावर नेलं होतं. एकोणीस माणसं पोट धरून हसली. डॉक्टरांनी तर डोळे पुसायला ते फडकंच मागितलं. चष्मेवालेही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चला, फजिती झाली, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील, असं त्यांनी मनाला समजावलं. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर आपणही हसून घरी गेलो असतो.

लोक पांगले. बाई मात्र भिंतीशी टाकलेल्या फांद्यांच्या ढिगापाशी वाकून उभ्या होत्या. त्यांनी एक डहाळी हलकेच उचलली.

"हे तुम्ही छाटलंत?"

"हो, जरा मोकळं केलं."

बाईंनी ती डहाळी चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली. चष्मेवाल्यांना हिरवं काहीतरी दिसलं आणि त्यावर नारिंगी रेघ. रेघेचा रंग ओळखीचा होता. मशीनवरच्या रिळाचा. त्यांनी बोट लावून बघितलं, तेव्हा बोटाला टाके जाणवले. आत बोट घातलं तर ओलं लागलं. दोन अंडी फुटली होती, एक शाबूत होतं आणि गार पडलं होतं.

नेमकी तेव्हाच बायको फाटकातून आत आली. तिने आधी झुडूप पाहिलं, मग बाईंच्या हातातली डहाळी, मग कट्ट्यावर पडलेली, पानांच्या चिकाने हिरवी झालेली आपली कात्री. आतून दोरा आणून तिने ती डहाळी उरलेल्या बुंध्याला बांधली, सावली म्हणून वर एक कापड टाकलं, आणि तिघं आत जाऊन खिडकीमागे उभी राहिली. पक्षीण आली. बांधलेल्या पानाभोवती दोनदा फिरली, आत डोकावली आणि उडून गेली. चष्मेवाल्यांना यातलं काहीच दिसलं नाही, ते बाईंनी सांगितलं.

"मला आधी सांगायचंस," ते संध्याकाळी कसंबसं म्हणाले.

"बुलबुलाचं सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर दुकानात आली. त्यांना बाहेर थांबवून आत काहीतरी खुडबुड केली, मग गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. "वाचा."

चष्मेवाल्यांनी एक डोळा झाकला आणि वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, थेट तळाच्या मुंग्यांपर्यंत. एक चूक नाही.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"जवळ जाऊन बघा."

ते जवळ गेले. तिसऱ्या ओळीपासून खाली तिने पांढरं कापड टाचून ठेवलं होतं. ते कोरं कापड त्यांनी तळापर्यंत वाचून दाखवलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःला चष्मा लावला, चांगला जाडजूड. घरी येऊन ते पहिल्यांदा झुडपाशी गेले. पानांवरचे टाके आता एकेक करून मोजता येत होते. इतकं सुबक काम हातभर अंतरावर महिनाभर चाललं होतं, आणि आपण झाडाच्या शेंड्यावर फडकं बघत होतो, याची त्यांना इतकी लाज वाटली की चष्मा काढून खिशात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. बायको मशीनशी बसली होती. कट्ट्यावर दोऱ्याचे तुकडे तसेच पडले होते, ते न्यायला कुणी येत नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी तुकडे नाहीसे झाले. चष्मेवाल्यांनी गच्चीवरून सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांना ते दिसलं. दातांच्या डॉक्टरांच्या कुंपणातलं झुडूप, आणि त्यात दोन पानं नारिंगी दोऱ्याने शिवलेली. मशीनशी बसून ते दिसण्यासारखं नव्हतं. त्यांनी बायकोला गच्चीवर नेऊन न बोलता बोट दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. "कुणाला सांगितलंत?" तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्याच आठवड्यात डॉक्टर कुंपणाशी आले. "चष्मेवाले, आमचं झुडूप फार माजलंय. तुमची कात्री द्या, उद्या छाटून टाकतो."

घरट्याचं सांगावं, तर दुर्बीण लागेल आणि मंडळ जमेल. न सांगावं, तर उद्या कात्री लागेल. चष्मेवाल्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं.

"महिनाभर थांबा," ते म्हणाले. "मीच छाटून देतो."

"महिनाभर कशाला?"

"या नव्या चष्म्यातून अजून नीट दिसत नाही हो. आत्ता हातात कात्री घेतली तर झुडपाबरोबर तुमचं कुंपणही जाईल."

डॉक्टर इतके हसले की त्यांना कुंपण धरावं लागलं. "डोळ्यांचा माणूस, आणि चष्मा लावूनही आंधळा! थांबतो बुवा, महिनाभर थांबतो. ही गंमत बघायला वर्षभर थांबेन." आणि ते वस्तीत सांगायला गेलेसुद्धा. आत मशीन मघाशी थांबलं होतं, ते आता परत सुरू झालं. बायकोने आतूनच विचारलं, "अहो, चहा टाकू का?" झुडूप छाटलं त्या दिवसापासून तिने आपणहून चहा विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

झुडूप वाचलं. त्या आठवड्यात दुकानात तीनच गिऱ्हाइकं आली, आणि तिघांनीही आधी चष्मेवाल्यांनाच तक्ता वाचायला लावला.